जपानी आणि पाश्चात्त्य व्हिडिओ गेमच्या रचनेत नेमका फरक काय, आणि नवख्या डिझायनरने शिकावे कोणाकडून?

एरवी मी या प्रश्नाच्या वाटेला गेलो नसतो, कारण "जपानी गेम कथेचे आणि पाश्चात्त्य गेम स्वातंत्र्याचे" असे ठोकळेबाज उत्तर सगळ्यांना पाठ असते आणि तेवढ्यावर बहुतेकांचे समाधानही होते. परंतु याच विषयावरून २०१३ साली पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत माझे आणि माझ्या वरिष्ठांचे जे वाजले, ते अद्याप मिटलेले नाही. निदान माझ्या बाजूने तरी नाही.

आम्ही लहान मुलांसाठी मोबाइलवरचा एक साधा उड्या मारण्याचा गेम करत होतो. नायक उंदीर आणि जागा धान्याचे कोठार. पहिली लेव्हल माझ्याकडे होती. तिच्यात एक रुंद खड्डा होता, जो साध्या उडीने पार होत नसे. अलीकडच्या काठावर एक लवचिक फळी होती, तिच्यावर उडी मारली की उंदीर दुप्पट उंच उसळून पलीकडे जाई. हे मुलाला कळावे कसे? मी अशी योजना केली की उंदीर जवळ आला की वरच्या फडताळावरून एक मडके घरंगळून फळीवर पडेल, तिथून उसळेल आणि खड्ड्यापलीकडे जाऊन फुटेल. वरिष्ठांनी ते पाहिले आणि म्हणाले, "छान आहे, पण मुलांना सांगणार कोण? फळीवर बाण दाखव आणि खाली लिही, येथे उडी मारा." मी म्हणालो, "सर, मडकेच सांगते आहे की." त्यावर ते म्हणाले, "तुझे हे जपानी अध्यात्म क्लायंटला परवडायचे नाही."

अध्यात्म हा शब्द मला झोंबला, कारण मी जे उचलले होते ती शुद्ध सुतारकी होती. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली लेव्हल आठवून पाहा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला, तोंड उजवीकडे, पुढचा पडदा मोकळा. कोणीही न सांगता माणूस उजवीकडे निघतो. थोड्याच वेळात पहिला गूंबा, म्हणजे मशरूमच्या आकाराचा छोटा शत्रू, समोरून चालत येतो. उडी मारली नाही तर जीव जातो, पण आपण नुकतेच निघालेले असतो, त्यामुळे गमावलेले काहीच नसते. मग प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून मशरूम निघते, उजवीकडे सरकत खाली पडते, हिरव्या पाइपला आपटून उलटे फिरते आणि मारिओच्या अंगावर येते. गूंबाच्या अनुभवाने घाबरलेला खेळाडू उडी मारायला जातो, तर वर विटा असतात. डोके आपटून तो खाली येतो, बहुधा त्या मशरूमवरच, आणि मोठा होतो. चांगली वस्तू टाळायची सोयच ठेवलेली नाही! त्याच लेव्हलच्या उत्तरार्धात पायऱ्यांच्या दोन जोड्या आहेत. पहिल्या जोडीच्या मधोमध जमीन आहे, म्हणजे उडी चुकली तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या जोडीच्या मध्ये मात्र खरा खड्डा आहे.

मारिओ बनवणाऱ्या निन्टेन्डो या जपानी कंपनीत ही रीत पुढे इतकी मुरली की सुपर मारिओ थ्रीडी लँडचे दिग्दर्शक कोइची हायाशिदा यांनी लेव्हलची मांडणी 'कि-शो-तेन-केत्सु' या चार पायऱ्यांच्या जुन्या कथनरीतीने समजावून सांगितली आहे: नवी गोष्ट दाखवा, ती वाढवा, तिला अनपेक्षित वळण द्या आणि मग शेवट करा.

पाश्चात्त्य परंपरेचा उगम वेगळ्या टेबलावर आहे, आणि इथे टेबल हा शब्द मी शब्दशः वापरतो. १९७४ मध्ये आलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळात खेळ चालवणारा माणूस समोर बसलेला असतो आणि "आता काय करणार?" असे विचारत राहतो. १९८१ चे अल्टिमा आणि विझर्ड्री हे संगणकावरचे गेम त्या माणसाच्या जागी संगणक बसवू पाहत होते. त्यामुळे पाश्चात्त्य डिझायनरची पहिली चिंता ही की खेळाडूला जे सुचेल ते जगाने निभावून नेले पाहिजे. जपानी डिझायनरची पहिली चिंता ही की खेळाडूच्या हाताला ते आधी जमले पाहिजे. माझ्या मते मूळ फरक एवढाच आहे, आणि राष्ट्रीय स्वभावाच्या गप्पा मला निरर्थक वाटतात. जपानी डिझायनर युजी होरी यांनी १९८६ मध्ये ड्रॅगन क्वेस्ट केला तो याच अल्टिमा-विझर्ड्रीच्या प्रेमातून. पण तो फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या घरगुती गेमयंत्रावर, असा खेळ कधीही न पाहिलेल्या मुलांसमोर जायचा होता. म्हणून त्यांनी नायकाला राजाच्या दरबारात कुलूप लावून ठेवले. पेटी उघडा, किल्ली घ्या, दार उघडा, जिना उतरा. हे केल्याशिवाय बाहेरच पडता येत नाही, आणि बाहेर पडेपर्यंत पुढे लागणाऱ्या आज्ञा वापरून झालेल्या असतात.

आता हरलो कसा, ते प्रामाणिकपणे सांगतो. चाचणीसाठी पाच मुले बोलावली होती. त्यातल्या एका आठ वर्षांच्या मुलाने उंदीर इतका भरधाव पळवला की मडके फडताळावरून सुटेपर्यंत तो खड्ड्यात पोहोचलेला होता. मडके रिकाम्या पडद्यावर उसळले आणि फुटले. पुढच्या खेपेला ते पडलेच नाही, कारण ते पुन्हा जागेवर ठेवण्याची नोंद करायला मी विसरलो होतो. तो मुलगा नऊ वेळा पडला आणि मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, "काका, हा गेम बिघडलाय का?" वरिष्ठ एक शब्दही बोलले नाहीत, जे बोलण्यापेक्षा वाईट होते. गेम बाणासह बाजारात गेला.

चूक माझीच होती, पण ती मडक्याच्या कल्पनेत नव्हती. मारिओचा पाइप मशरूमला खेळाडूकडे परत पाठवतो. मी खेळाडूला थांबवणारे काहीच ठेवले नव्हते.

आता उशिराच्या दुरुस्त्या. बाण हा काही पाश्चात्त्यांचा रक्तगुण नव्हे. २००२ च्या मॉरोविंड या अमेरिकन गेममध्ये रोजनिशीतली वर्णने वाचून वाट शोधावी लागे. होकायंत्रावरची खूण आली ती त्याच मालिकेच्या २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये. २००४ च्या हाफ-लाइफ २ या अमेरिकन गेममधली वाटेत रुतलेली करवतीची चकती माझ्या मडक्याहून कितीतरी हुशार आहे: ती ओढून काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ती हाती येते न येते तोच समोर झॉम्बी उभा राहतो. उलट २०११ च्या झेल्डा स्कायवर्ड स्वॉर्ड या निन्टेन्डोच्याच गेममध्ये फी ही सोबतीण रिमोटची बॅटरी उतरली आहे हेसुद्धा सांगायला येते. आणि दोन मिनिटांत गेम काढून टाकणाऱ्या मुलांसाठी बाण लागतोही कधीकधी, हे मी वरिष्ठांना तेव्हा कबूल करायला हवे होते.

तर आपल्याला सल्ला असा की आधी जुन्या जपानी गेमच्या पहिल्या लेव्हल वहीवर उतरवून काढा, कोणता ठोकळा कशानंतर येतो ते पाहा, आणि मग पाश्चात्त्य खुल्या जगांकडे वळा. आपली लेव्हल मात्र कंट्रोलर कधी न धरलेल्या माणसाच्या हाती देऊन स्वतः गप्प बसा. हे फार कठीण असते.

गेल्या दिवाळीत मी ती लेव्हल पुन्हा बांधली. फळीच्या अलीकडे धान्याचे एक पोते ठेवले, ज्यावर चढताना उंदराला थांबावेच लागते, आणि आता मडके प्रत्येक खेपेला पडते. सात वर्षांची भाची दुसऱ्या प्रयत्नात पलीकडे गेली. तिचा व्हिडिओ मी वरिष्ठांना पाठवला. दोन दिवसांनी त्यांचे उत्तर आले, "पोते चांगले आहे." मडक्याविषयी एक अक्षर नाही.