अमेरिकेत वस्ती विरळ आहे, मग प्रवासी रेल्वे वाढवून उपयोग काय?

देशाची सरासरी घनता इथे फसवते. अलास्कात रूळ टाका असं कोणी म्हणत नाही. बघायच्या त्या १५० ते ८०० किमी अंतरावरच्या शहरांच्या जोड्या. ओहायो राज्यात दर चौ. किमी सुमारे ११० माणसं राहतात, म्हणजे स्पेनपेक्षा जास्तच. क्लीव्हलंड, कोलंबस, सिनसिनाटी जवळपास एका रेषेत, टोकापासून टोकापर्यंत ४०० किमी. तरी कोलंबसला १९७९ पासून प्रवासी गाडीच नाही! स्वीडनची घनता २५ च्या आसपास, पण स्टॉकहोम-गोटेबर्ग गाड्या दिवसभर धावतात.

खरी अडचण रुळांच्या मालकीची. बहुतेक मार्ग मालवाहतूक कंपन्यांचे, बरेचसे एकेरी. मालगाडी लूप लाइनपेक्षा (समोरच्या गाडीला वाट द्यायला बाजूला थांबायच्या रुळापेक्षा) लांब असली की दोन गाड्या समोरासमोर येतात तेव्हा प्रवासी गाडीच बाजूला थांबते. म्हणून आधी लूप वाढवायचे, गर्दीच्या टप्प्यांत दुहेरीकरण करायचं, मगच फेऱ्या वाढवायच्या.