ग्रीक पुराणकथांवरच्या स्त्रीवादी कादंबऱ्या मूळ कथेची मोडतोड करतात का? बारावीतल्या मुलीला कोणती द्यावी?

तुमच्या प्रश्नातला 'मोडतोड' हा शब्द वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. हाच शब्द दोन वर्षांपूर्वी एका व्याख्यानात आमच्या जुन्या सरांच्या तोंडून ऐकला होता. तेव्हा हात वर केला होता, पण माइक माझ्यापर्यंत आलाच नाही.

ओडिसीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते: होमर या प्राचीन ग्रीक कवीचं महाकाव्य, ट्रॉयच्या युद्धावरून घरी परतणाऱ्या ओडिसियस राजाची कथा. एम.ए.ला ती आम्हाला हे सर शिकवायचे आणि छान शिकवायचे, हे आधी सांगते. बाविसाव्या सर्गात ओडिसियस त्याच्या बायकोला मागणी घालायला आलेल्या १०८ जणांना मारतो. तिथं सर वर्गात उभं राहून धनुष्य ओढून दाखवायचे. मग त्यांनी दोन-तीन पानं एकदम उलटली. म्हणाले, "पुढे दासींचं काहीतरी आहे, महत्त्वाचं नाही. थेट तेविसावा घ्या."

माझी आई तेव्हा चार घरची धुणीभांडी करायची. 'दासींचं काहीतरी' एवढं डोक्यात घेऊनच मी घरी आले आणि रात्री ती पानं वाचली.

त्या पानांत असं आहे. म्हातारी दाई सांगते, घरात पन्नास दासी आहेत, त्यातल्या बारा जणी त्या पुरुषांबरोबर झोपायच्या. ओडिसियस त्या बाराजणींना बोलावतो. आधी प्रेतं उचलून बाहेर न्यायला लावतो. मग पाणी आणि स्पंज घेऊन खुर्च्या-टेबलं पुसायला लावतो. पुरुष फावड्यांनी जमीन खरवडतात आणि खरवडलेलं त्या बाहेर नेऊन टाकतात. सगळं स्वच्छ झालं की त्यांना अंगणात कोंडतात. तलवारीनं मारा, असा बापाचा हुकूम. मुलगा टेलेमाकस म्हणतो, यांना स्वच्छ मरण द्यायचं नाही. तो जहाजाचा दोर खांबाला बांधतो, पाय जमिनीला टेकणार नाहीत इतका उंच ताणतो आणि बाराजणींना एका ओळीत लटकवतो. घरट्याकडे निघालेले पारवे जाळ्यात अडकावेत तसं, असं होमर म्हणतो. पाय थोडा वेळ झटकले, फार वेळ नाही.

सकाळी आई भाकरी थापत होती तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "आधी समदं पुसून घेतलं?" म्हटलं, हो. "आन् मग मारल्या?" हो. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "आधी मारल्या असत्या तर पुसलं कुणी असतं?"

त्या प्रसंगावरचं याहून नेमकं वाक्य मी आजवर कुठल्या समीक्षेत वाचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "सर, त्या बाराजणींचा गुन्हा काय?" सर म्हणाले, "स्वामिद्रोह. आणि तुम्हाला काय, सगळीकडे अन्यायच दिसतो." 'तुम्हाला' म्हणजे कोणाला, ते वर्गात सगळ्यांना कळलं. मी खाली बसले. तेव्हा मुद्दा हाताशी नव्हता. आज आहे.

त्याच बाविसाव्या सर्गात, अगदी सुरुवातीला, ओडिसियस त्या पुरुषांवर आरोप करतो: माझ्या घरातल्या दासींना तुम्ही जबरदस्तीनं भोगलंत. 'जबरदस्तीनं' हा शब्द ओडिसियसच्याच तोंडी आहे. म्हणजे त्यांच्यावर बळजबरी झाली हे त्याला ठाऊक आहे. आणि चारेकशे ओळींनंतर तोच त्यांना मारायला सांगतो. हे कोणा आजच्या लेखिकेनं घुसडलेलं नाही, होमरमध्येच आहे.

मोडतोडीचंच बोलायचं तर भाषांतरांकडे बघा. टेलेमाकस फाशी देण्याआधी जे बोलतो त्यात मूळ ग्रीकमध्ये शिवी नाही. 'ज्या माझा न् आईचा अपमान करायच्या, त्या पुरुषांजवळ निजायच्या' एवढंच आहे. रॉबर्ट फेगल्स यांच्या १९९६ च्या गाजलेल्या इंग्रजी भाषांतरात तिथं त्या मुलींना सरळ वेश्या म्हटलंय. २०१७ मध्ये एमिली विल्सन यांचं भाषांतर आलं, इंग्रजीत संपूर्ण ओडिसी छापून आणणारी पहिली बाई. त्यांनी हे दाखवून दिलं आणि दासींना 'नोकराण्या' न म्हणता 'गुलाम' म्हटलं, कारण त्या गुलामच होत्या. मी ग्रीक शिकलेली नाही. दोन्ही भाषा समोरासमोर छापलेली आवृत्ती आणि कोश घेऊन त्या ओळींवर एक सबंध सुट्टी घालवली. तेव्हा लक्षात आलं की आपल्या मराठीत 'ज्या' म्हटलं की काम भागतं. बायकांबद्दल बोलणं चाललंय हे त्या एका अक्षरात येतं, ग्रीकसारखंच. इंग्रजीत ती सोय नाही, म्हणून तिथं नाम घालावं लागतं. पण कोणतं नाम घालायचं हे भाषांतरकारानं ठरवलं. मग मोडतोड कोणी केली?

आता कादंबऱ्या. स्पष्ट सांगते, यातल्या बऱ्याच मला फारशा पटत नाहीत. कारण त्या पुन्हा राण्यांच्या आणि देवतांच्याच आहेत. मॅडलिन मिलर यांची 'सर्सी' (२०१८) हातातून सुटत नाही, भाषा सुरेख आहे. पण सर्सी सूर्यदेवाची मुलगी, तिच्याकडे जादू आहे, अमरत्व आहे. पुरुषांची डुकरं करायची सोय ज्यांच्याकडे नव्हती त्यांचं काय? मार्गारेट ॲटवुड यांची 'पेनेलोपियाड' (२००५) मला जवळची वाटते, कारण तिथं ओडिसियसची बायको पेनेलोपी हिच्याबरोबर त्या फाशी गेलेल्या बाराजणी बोलतात आणि बाईसाहेबांनाही सोडत नाहीत. पॅट बार्कर यांची 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' (२०१८) ब्रिसेइसची आहे, ग्रीक योद्धा अकिलीसच्या वाट्याला लूट म्हणून आलेली बाई. तिला इलियडमध्ये, म्हणजे होमरच्या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्यात, एकदाच बोलायला मिळतं, एकोणिसाव्या सर्गात, अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतावर. अकिलीसनं आपला नवरा मारला, तीन भाऊ गेले, आणि आता जो बरा बोलायचा तोही गेला, असं ती रडत सांगते. पुढे होमर म्हणतो, भोवतालच्या बायकाही रडल्या. निमित्त पॅट्रोक्लसचं, रडत होत्या आपापल्या दुःखासाठी. आमच्या गावाकडे मयताला गेलेल्या कोणत्याही बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि हे सगळं आजचं फॅड आहे असंही कोणी म्हणू नये. ग्रीक नाटककार युरिपिडिसचं 'मीडिया' नाटक इ.स.पू. ४३१ चं. एकदा बाळंत होण्यापेक्षा ढाल घेऊन तीनदा रणात उभी राहीन, असं त्यात मीडिया म्हणते. इरावतीबाईंनी 'युगान्त' मध्ये महाभारतातल्या बायकांकडे असंच नव्यानं पाहिलं, त्यालाही आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. त्याला आपण मोडतोड म्हणत नाही.

एक गोष्ट मान्य करते. त्या बाराजणी सगळ्या गरीब गायी होत्या असं नाही. मेलांथो नावाची दासी भिकाऱ्याच्या वेषात घरी आलेल्या ओडिसियसला वाटेल ते बोलते. लग्न लांबवायला पेनेलोपी दिवसा विणलेलं रात्री उसवते हे फोडलं तेही एका दासीनंच. काही कादंबऱ्या हे सोयीनं धुऊन काढतात, तिथं सरांचं म्हणणं थोडं बरोबर आहे. पण थोडंच.

तर मुलीला आधी विल्सन यांची ओडिसी द्या, मग ॲटवुड, ती छोटी आहे. बार्करमध्ये बलात्कार आणि युद्ध उघडंनागडं आहे, ती आधी तुम्ही वाचा आणि मग ठरवा.

ओडिसीत विसाव्या सर्गावर थांबायला सांगा. तिथं जात्यावरच्या बारा बायका आहेत. अकराजणींचं दळण संपलंय, त्या झोपल्यात. सगळ्यात अशक्त एकटी अजून दळतेय. ती जातं थांबवते आणि देवांचा राजा झ्यूस याला म्हणते, या लोकांचं पीठ दळून माझे गुडघे मोडले, आज त्यांचं शेवटचं जेवण होऊ दे. हे मी आईला नंतर वाचून दाखवलं. ती लग्न होऊन आली तेव्हा पहाटे उठून जात्यावर दळायची. तिनं विचारलं, ती दळणारी शेवटी वाचली का? होमरनं ते सांगितलेलं नाही. पन्नासातल्या त्या बाराजणींत ती होती का, हेही नाही.