विद्यापीठात दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवताना कथा-कादंबऱ्यांचा खरोखर उपयोग होतो का, आणि त्या कशा निवडाव्यात?

होतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी याहून चांगले साधन मला माहीत नाही. मी तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात बी. ए. प्रथम वर्षाला सक्तीचे इंग्रजी एकवीस वर्षे शिकवले. सुरुवातीला मीही काळांचे तक्ते फळ्यावर लिहीत असे. मुले ते वहीत उतरवून घेत, परीक्षेत गाळलेल्या जागा बरोबर भरत आणि स्वतःचे एक वाक्य लिहायची वेळ आली की पेन खाली ठेवत.

एका वर्षी मी आर. के. नारायण यांची ‘ॲन ॲस्ट्रॉलॉजर्स डे’ ही कथा घेतली. ती त्या वर्षीच्या पाठ्यपुस्तकात नव्हती, त्यामुळे गाईडमध्ये तिचा सारांशही नव्हता. मी झेरॉक्स वाटल्या आणि शेवटचे पान मुद्दाम मागे ठेवले. झाडाखाली बसणारा, कपाळाला भस्म-कुंकू लावणारा ज्योतिषी मुलांना समजावून सांगावा लागला नाही; तो त्यांच्या बाजारात दर आठवड्याला बसत होता. अडले ते ‘हॅड’पाशी, कारण त्या कथेत हा एकच शब्द जवळ असणे, आधी घडून गेलेले असणे आणि भाग पडणे अशा तीन कामांना येतो. ज्योतिषाला कुणालाही न सांगता घर सोडावे लागले, अशा अर्थाचे वाक्य तिथे आहे. मागच्या बाकावरच्या एका मुलाने त्याचा अर्थ ‘घर सोडले होते’ असा लावला. मी म्हटले, ‘हॅड टू लीव्ह’ म्हणजे सोडावे लागले. तो थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, सोडावे लागले असेल तर त्याने मागे काहीतरी केलेले असणार.”

हा ज्योतिषी एका माणसाला मेला समजून गाव सोडून पळालेला असतो, हे कथेच्या शेवटी कळते. संपूर्ण कथेची किल्ली त्या वाक्यात आहे, आणि ती त्याला व्याकरणातून सापडली. मी पुढचे वाचन थांबवून प्रत्येकाला शेवट इंग्रजीत लिहायला सांगितला. वर्षभर एक शब्द न बोललेल्या त्या मुलाने लिहिले : ‘ही हॅड किल्ड हिम बिफोर. बट ही नॉट डाय.’ दुसरे वाक्य चुकलेले आहे, हे मलाही दिसत होते. पण पहिल्या वाक्यातला ‘हॅड’ त्याने स्वतःच्या गरजेपोटी वापरला होता, आणि तक्ते लिहून मी हे कधीच साधू शकलो नव्हतो.

आमच्या तेव्हाच्या विभागप्रमुखांनी तो कागद पाहून विभागाच्या बैठकीत सांगितले की कथा साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी असतात, सक्तीच्या इंग्रजीत अर्ज आणि पत्रलेखन पुरे. मला ते तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. ज्याला सांगण्यासारखे काही आहे, तोच भाषा मागतो. अर्जाच्या ठरलेल्या मायन्यात मुलाला सांगण्यासारखे काहीच नसते.

निवडीबद्दल थोडक्यात : लघुकथा घ्यावी, दोन-तीन तासांत संपणारी, आणि शक्यतो भारतीय. हू आणि नेशन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी 2000 साली दाखवले की आधाराशिवाय कथा नीट समजायची असेल तर तिच्यातले सुमारे 98 टक्के शब्द वाचकाला माहीत असावे लागतात. एखादे पान वर्गात वाचायला देऊन अडलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगितले की अंदाज येतो. याच कारणाने एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी कादंबरी प्रथम वर्षाला लावणे मला अन्यायाचे वाटते. तिथे मुले गाईडच वाचतात.

हेही सांगायला हवे की कथेने उच्चार सुधारत नाहीत आणि मुलाखतीची तयारी होत नाही. ती स्वतंत्रपणे करून घ्यावी लागते. माझ्या वर्गात नव्वद-शंभर मुले असत, त्यामुळे प्रत्येकाचा कागद तपासायला रविवार जात, आणि ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांना ते जमेलच असे नाही.

मात्र ‘असे शिक्षण मोजता येत नाही’ हा विभागप्रमुखांचा दुसरा आक्षेप चुकीचा होता. प्रश्नपत्रिकेत न वाचलेल्या कथेचे एक पान द्यावे, पुढे काय घडेल ते आठ ओळींत कारणासह लिहायला सांगावे आणि त्याला दहा गुण ठेवावेत. त्या बैठकीत मी हाच प्रस्ताव लेखी मांडला होता. त्यावर चर्चा झाली नाही. तुमच्या विभागात तो मांडणार असाल, तर सोबत मुलांनी लिहिलेले कागद जोडा, कारण मी ते जोडले नव्हते.