वाचकांचे प्रश्न : रिओचा सूर्य उत्तरेला

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. फुटबॉलच्या व्हिडिओ गेमसाठी मी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रे घडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ब्युनोस आयर्सचे ला बोम्बोनेरा आणि रिओचे माराकाना अशी दोन स्टेडियम तयार केली. युरोपातील एका स्टेडियमची तयार फाइल पाया म्हणून घेतली, मापे तपासली, छायाचित्रे जुळवली; तरीही दोन्ही परकी वाटतात. माराकाना मला 1950 च्या विश्वचषकातील निर्णायक लढतीसाठी हवे आहे. चूक कोठे असावी?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपण पाठवलेली चित्रे सावकाश पाहिली. मापांत फारसे चुकलेले नाही; दोष त्या तयार फाइलीसोबत आला आहे. युरोपात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला असतो आणि आपण तो तसाच ठेवून प्रकाश बेक केला आहे, म्हणजे ऊन-सावली चित्रात कायमची उमटवली आहे. त्यामुळे माराकानात दक्षिणेकडच्या छपराची सावली मैदानात उतरली आहे, आणि जी उत्तर बाजू सावलीत हवी ती उन्हात न्हाऊन निघाली आहे. ज्याने तेथील सामने पाहिले आहेत, त्याला कारण सांगता आले नाही तरी हे खटकतेच.

यासाठी इंदूरसारखे गाव नाही. आपले शहर विषुववृत्ताच्या जितके उत्तरेला आहे, जवळजवळ तितकेच रिओ दक्षिणेला आहे. जानेवारीच्या मध्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीवर एक काठी उभी करून पाहा : सावली साधारण काठीएवढीच लांब आणि उत्तरेकडे पडलेली दिसेल. जुलैच्या मध्यात रिओत मध्यान्ही तेवढीच सावली पडते, फक्त दक्षिणेकडे. उरुग्वेने ब्राझीलला 2-1 असे हरवले तो सामना 16 जुलै 1950 रोजी दुपारी झाला. म्हणजे सूर्य वायव्येकडे झुकलेला आणि सावल्या आग्नेयेकडे वाढत चाललेल्या, असे दृश्य आपल्याला हवे.

छपराचेही तसेच. आपण लावलेले पांढरे, उजेड झिरपू देणारे छत 2013 च्या नूतनीकरणातले आहे. 1950 मध्ये काँक्रीटचे छप्पर होते, आणि त्याच्या सावलीची कडा धारदार पडते. आजच्या सुमारे 78,000 खुर्च्याही काढाव्या लागतील. त्या दिवशी तिकीट काढून आलेलेच 1,73,850 होते आणि त्यांतील असंख्य लोक उभे होते. बांधकामही तेव्हा पूर्ण झालेले नव्हते, तेव्हा भिंती थोड्या ओबडधोबड राहिल्या तरी चालेल.

बोम्बोनेराचा दोष वेगळा आहे, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. आपण चारही बाजू वाडग्यासारख्या गोलाईत जोडल्या आहेत. 1940 मध्ये खुले झालेले हे स्टेडियम ला बोका वस्तीच्या अपुऱ्या जागेत उभे राहिले. म्हणून तीन बाजूंना एकावर एक चढत गेलेले अतिशय उभे सज्जे आहेत आणि चौथ्या बाजूला भिंतीसारखी सरळ, कप्प्याकप्प्यांची रांग आहे. ही चौथी बाजू गोलाईत विरघळली की बोम्बोनेरा उरतच नाही. चॉकलेटच्या डब्यावरून पडलेले नावही या आखूड, खोल घडणीलाच शोभते. सज्ज्याचा चढ थोडाही कमी करू नका. गेमचा कॅमेरा उंचावर असल्याने तो आधीच सपाट भासतो.

गोलांमागच्या सज्ज्यांत लोक उभे राहून सामना पाहतात, त्यामुळे तेथील प्लास्टिकच्या खुर्च्या काढून काँक्रीटच्या पायऱ्या आणि आडवे लोखंडी कठडे बसवा. वाचलेले पॉलिगॉन, म्हणजे आकार ज्यांनी घडतो ते लहान पृष्ठतुकडे, त्या कठड्यांवर खर्च करा. प्रेक्षक सपाट चित्रांचे असले तरी चालतील, पण ते कठड्याला रेलून दाटीने उभे दिसले पाहिजेत.

आधी बोम्बोनेरा दुरुस्त करा. मात्र त्यासाठी ती युरोपीय फाइल बाजूला ठेवा आणि कोऱ्या पानावर पहिली रेघ त्या चौथ्या, सरळ भिंतीची ओढा.