लॅटिन घेतलं तर कॉलेजला चालेल का?

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नववीचे विषय निवडायचे आहेत, तुला लॅटिन घ्यायचंय, आणि घरी सगळे म्हणताहेत की जी भाषा आज कुणी बोलत नाही ती कॉलेजवाले कशी धरतील? आधी उत्तर सांगते, म्हणजे तुझा आणि आईचा जीव भांड्यात पडेल. धरतात. अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत प्रवेशाच्या वेळी लॅटिनची वर्षं स्पॅनिश-फ्रेंचच्या वर्षांइतकीच मोजली जातात.

तू कॅलिफोर्नियात आहेस, तर तिथलंच बघू. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या प्रवेशासाठी शाळेत कोणते विषय झालेले हवेत याची ‘ए ते जी’ अशी यादी आहे. तिच्यातला ‘ई’ म्हणजे इंग्रजीखेरीज दुसरी भाषा. किमान २ वर्षं हवीत, ३ केलीत तर उत्तम, असं विद्यापीठ स्वतःच सांगतं. लॅटिन, ग्रीक आणि अमेरिकेतली खुणांची भाषासुद्धा त्यात चालते. मात्र दोन्ही वर्षं एकाच भाषेची हवीत. एक वर्ष लॅटिन, कंटाळा आला म्हणून पुढचं वर्ष स्पॅनिश, असं केलंस तर अट पुरी होत नाही. दरवर्षी कुणी ना कुणी हुशार मूल इथेच अडकतं आणि मग अकरावीत धावपळ सुरू होते. तू तसं करू नकोस.

तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती घरी कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. तू आठवीपर्यंत साताऱ्यात मराठी माध्यमात शिकलीस. सहावी किंवा त्यापुढची २ वर्षं इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेच्या माध्यमात नीट पास झाली असतील, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तेवढ्यावर ही अट पूर्ण झाली असं मानू शकते. जुन्या शाळेची सहावी ते आठवीची गुणपत्रकं मागवून घे, इंग्रजी भाषांतर करून शाळेत विषय-प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या कौन्सिलरकडे दे, आणि तुझ्या रेकॉर्डमध्ये त्याची नोंद कशी होईल हे त्यांच्याकडून लेखी घे. आपल्या मराठीला तिथे मोल आहे, ते हक्काने माग.

म्हणून भाषा सोडून द्यायची का? अजिबात नाही. खाजगी कॉलेजं नुसती अट पुरी झाली की नाही एवढंच बघत नाहीत. हार्वर्डसारखी कॉलेजं एकाच परकीय भाषेची ४ वर्षं झालेली असावीत असं सुचवतात. लॅटिन सुरू करणार असशील तर चारही वर्षांच्या तयारीने कर. त्याआधी शाळेत चौकशी कर की तिसरं वर्ष आणि एपी लॅटिन (एपी म्हणजे शाळेतच घेतला जाणारा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम आणि त्याची परीक्षा) दरवर्षी चालतं का. पुष्कळ शाळांत लॅटिनला एकच शिक्षक असतो. तो निवृत्त झाला किंवा मुलं कमी पडली की वरचे वर्ग बंद होतात. माझ्या मते लॅटिनमधला खरा धोका हा आहे. कॉलेज नाकारेल ही भीती त्यापुढे काहीच नाही.

प्रवेशाची अट वेगळी आणि पदवीची वेगळी, हेही लक्षात ठेव. कॉलेजात गेल्यावर बऱ्याच ठिकाणी पदवीसाठी पुन्हा भाषा लागते, आणि तिथेही लॅटिन सहसा चालतं. एपीला चांगले गुण असतील तर कित्येक कॉलेजं त्यातून सूटही देतात. इंजिनिअरिंगला पुष्कळदा ही अटच नसते. पण जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिससारख्या ठिकाणी आजच्या वापरातली भाषा बोलता-वाचता यावी लागते, तिथे लॅटिनने भागत नाही. परराष्ट्र सेवा, आंतरराष्ट्रीय संबंध हे तुझ्या डोक्यात असेल तर आत्ताच सांग, मग माझा सल्ला बदलेल. डॉक्टर व्हायला लॅटिन लागतं म्हणून घेणार असशील, तरीही थांब. कॅलिफोर्नियात डॉक्टरला पेशंटशी बोलायला स्पॅनिशचा उपयोग कितीतरी जास्त.

आता माझं मन कुठे आहे ते सांगते. तुला मी लॅटिनच घे म्हणेन, कारण आठवीत तू संस्कृत घेतलं होतंस आणि विभक्ती तुला मनापासून आवडत होती. पहिल्याच आठवड्यात वर्गात असं एखादं वाक्य येईल: ‘पुएल्ला रोसम् अमत्’, मुलीला गुलाब आवडतो. ‘रोसम्’मधला शेवटचा म् बघितलास की ‘मालाम्’ आठवेल. शब्द उलटसुलट केले, ‘रोसम् पुएल्ला अमत्’, तरी अर्थ तोच, कारण कर्ता कोण आणि कर्म कोण हे प्रत्यय सांगतात. इंग्रजीवर वाढलेल्या तुझ्या वर्गातल्या मुलांना हे पचायला महिने लागतील. तुला ते आधीच अंगवळणी पडलेलं आहे. इथे विभक्ती सहाच, त्यामुळे तक्ते पाठ करायला तू घाबरणार नाहीस. एपी लॅटिनच्या परीक्षेत स्पॅनिशसारखं ऐकणं-बोलणं नसतं. रोमन कवी व्हर्जिलचं काव्य आणि रोमन लेखक प्लिनीची पत्रं बारकाईने वाचायची, भाषांतर करायचं, त्यावर लिहायचं. नव्या देशात, नव्या उच्चारांत बोलताना तू अजून बुजतेस, हे मला ठाऊक आहे. कागदावर मात्र तू कुणाला ऐकणार नाहीस.

तुला आवडणारी चार-पाच कॉलेजं निवड आणि प्रत्येकाच्या प्रवेशाच्या पानावर भाषेबद्दल काय लिहिलंय ते तू स्वतः वाच. ‘आधुनिक भाषा’ असे शब्द कुठे दिसले तर त्या कॉलेजला सरळ ईमेल करून विचार, ते उत्तर देतात. कौन्सिलरशी बोलणं झालं की मला कळव. विषय निवडीच्या फॉर्मवर सही करण्याआधी बाबांशी एकदा फोनवर बोलायला मी तयार आहे.

तुझी,
मावशी