बर्फ न पडणाऱ्या सॅन डिएगोत हार्डनेक लसूण येईल का?

तुम्ही लिहिलंय की किनाऱ्याजवळ राहता, गोठवणारी थंडी कधी पडत नाही, गेल्या वर्षी रोकाम्बोल हा हार्डनेक, म्हणजे मधोमध कडक फुलदांडा धरणारा लसूण लावला आणि मे महिन्यात उपटला तर पाकळ्याच नाहीत, नुसते गुळगुळीत गोळे. इथे हा लसूण येतच नाही का, असं विचारलंत. येतो. मी इथेच, समुद्रापासून चार मैलांवर सात वर्षं लावतेय. पहिल्या वर्षी माझेही गोळेच निघाले होते.

खतपाण्यात तुमचं काही चुकलेलं नाही. गड्ड्यात पाकळ्या धरायला लसणाला आधी काही आठवडे थंडी लागते आणि मग दिवस मोठा होत जावा लागतो. दिवसाची इथे अडचण नाही. डिसेंबरातला १० तासांचा दिवस जूनपर्यंत १४ तासांवर जातो. कमी पडते ती थंडी. ऐन जानेवारीतही रात्री साधारण ९-१० अंश असतात.

म्हणून ती थंडी फ्रिजमध्ये द्यायची. बियाण्याचे गड्डे न फोडता कागदी पिशवीत घालायचे आणि ८ ते १० आठवडे ४ ते ७ अंशांत ठेवायचे. भाजीच्या ओलसर कप्प्यात नको, बुरशी धरते. त्याहून जास्त गारही नको: एका वर्षी माझी पिशवी मागच्या भिंतीला चिकटून राहिली, तर एकेका पाकळीतून पातीचा झुपका फुटला आणि गड्डे वेडेवाकडे झाले. मी सप्टेंबरच्या मध्याला ठेवते आणि नोव्हेंबरच्या शेवटी लावते. ऑक्टोबरात सांता आनाचे गरम वारे सुटतात, तेव्हा माती तापलेली असते. घाई करू नका. फ्रिजमधून काढलं की त्याच दिवशी पाकळ्या सोडवून लावायच्या. ओट्यावर उबेत पडून राहिल्या तर मिळालेली थंडी वाया जाऊ शकते. टोक वर, दोन इंच खोल, वीतभर अंतर, वरून गवताचं आच्छादन.

आणि मुख्य म्हणजे जात बदला. रोकाम्बोलला खराखुरा हिवाळाच लागतो. हार्डनेकच्याच क्रिओल गटातला बर्गंडी घ्या. पांढरं साल काढलं की आत पाकळी पिकलेल्या कोकमाच्या रंगाची, आणि गड्डे टिकतातही खूप. त्याला इथे फुलदांडा क्वचितच येतो. तुम्हाला दांड्याची भाजी हवी असेल, तर टर्बन गटातला एखादा वाफा जोडीला लावून बघा. पानांचा खालचा तिसरा हिस्सा वाळला की उपटायचा. त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं.

गेल्या वर्षीचे गोळे अजून असतील तर टाकू नका. एकेक गोळा म्हणजे एकच मोठी पाकळी. तेही फ्रिजमध्ये ठेवून लावा, भरलेला गड्डा मिळण्याची चांगली शक्यता असते.

खाली कोणी रत्नागिरीत हे जमेल का असं विचारलंय. तिथे मी हा खटाटोप करणार नाही. थंडी फ्रिज देईल, पण तिथला सगळ्यात मोठा दिवस जेमतेम १३ तासांचा, तोही जूनच्या पावसात. त्यापेक्षा राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची भीमा पर्पल लावा. ती हार्डनेक नाही, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावली की आपल्या छोट्या दिवसांतही गड्डा धरते.