'कानावर घातलंय, सर!' : प्राध्यापकांच्या बाहेरच्या कामांविषयी प्रश्नोत्तरे

या खेपेच्या बहुतेक पत्रांत एक वाक्य ठरलेलं आहे : "प्राचार्यांच्या कानावर घातलंय." कानाला आवक-जावक नोंदवही नसते, आणि प्राचार्य बदलले की कानही बदलतात. दुसरा गोंधळ जुनाच. बाहेरच्या कामाची परवानगी घेणं आणि हितसंबंध जाहीर करणं हे लोक एकच समजतात. बाहेर काम करायचं तर आधी परवानगी लागते. पण एखाद्या निर्णयावर तुमची सही असेल आणि त्याच निर्णयात तुमचा पैसा, भागीदारी किंवा नातं गुंतलेलं असेल, तर तेही वेगळं कळवावं लागतं, मग तुम्ही बाहेर काडीचं काम करत नसलात तरी. नावं गाळून प्रश्न थोडक्यात देतो.

बार्शी : पत्नीच्या नावावर अकरावी-बारावीचा क्लास आहे. मी रविवारी दोन तास शिकवतो, पैसे घेत नाही. सहकारी म्हणतात, शिकवणीबंदी शाळेच्या शिक्षकांना आहे, आपल्याला नाही.

अर्धं खरं आहे, आणि माणूस गोत्यात येतो तो अर्ध्या खऱ्यामुळेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शाळेच्या शिक्षकांपुरतं आहे. पण विद्यापीठ अनुदान आयोगाचे १८ जुलै २०१८ चे विनियम काढून त्यातली आचारसंहिता वाचा. कामात अडथळा येईल अशी दुसरी नोकरी, खासगी शिकवणी आणि क्लास यांपासून दूर राहा, असं तिथे लिहिलंय. राज्यानं ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयानं ज्या विनियमांवर तुमचा सातवा वेतन आयोग दिला, ते हेच. तुम्ही पैसे घेत नाही, मान्य. फी येते ती तुमच्याच घरात ना? तुमच्या महाविद्यालयातली मुलं त्या क्लासला येत असतील आणि त्यांचे अंतर्गत गुण तुम्हीच देत असाल, तर प्रकरण आणखी नाजूक. चौकातल्या फ्लेक्सवर तुमच्या नावाआधी 'प्रा.' लावलं असेल तर आधी ते उतरवा, मग लेखी अर्ज घेऊन प्राचार्यांकडे जा.

अक्कलकोट : म्युच्युअल फंडात एसआयपी आहे. जाहीर करू का?

हितसंबंध म्हणून नको. मालमत्तेचं विवरण मागितलं तर त्यात लिहा, तो कागद वेगळा.

सोलापूर : आकाशवाणीवरच्या भाषणाचं मानधन घ्यावं का?

घ्या. अधूनमधून केलेल्या साहित्यिक वा शास्त्रीय कामाला सहसा कुणी आडकाठी करत नाही. तरी कार्यालयाला चार ओळी लिहून द्या आणि रक्कम प्राप्तिकराच्या विवरणात दाखवा.

सोलापूर : विधी महाविद्यालयात पूर्णवेळ आहे. 'दिवसाला तीन तासांपेक्षा कमी शिकवलं तर वकिली चालते' असं बाररूममध्ये ऐकलं.

उलटं ऐकलंत. बार कौन्सिलचा १९७९ चा तो नियम वकिली करणाऱ्यासाठी आहे. त्यानं दिवसाला ३ तासांपर्यंत कायदा शिकवला तर त्याच्या सनदेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याला, धक्का लागत नाही. पूर्णवेळ पगार घेणाऱ्यानं तास मोजून कोर्टात उभं राहावं, असा त्याचा अर्थ होत नाही. सनदेचं काय करायचं ते महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिललाच लेखी विचारा, बाररूमला नको.

सांगोला : वनस्पतिशास्त्र शिकवतो. एका जैविक औषध कंपनीच्या मेळाव्यांत डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल बोलतो. दर मेळाव्याला मानधन आणि न्यायला गाडी. परवानगी रीतसर आहे. औषध चांगलं आहे असं मला मनापासून वाटतं. मग हितसंघर्ष आला कुठून?

'मनापासून वाटतं' इथूनच आला. तुम्ही हा शब्द शिवीसारखा ऐकताय. हितसंघर्ष म्हणजे लबाडी केली असं कुणी म्हणत नाही. एकीकडे शेतकऱ्याचं हित, दुसरीकडे पाकीट, आणि मधल्या खुर्चीवर तुम्ही, एवढंच त्यात आहे. त्या खुर्चीत बसलेला सरळ माणूस आणि लबाड माणूस मांडवातून सारखेच दिसतात. लबाडाला निदान आपण कुठे झुकलोय ते ठाऊक असतं.

मला ते कसं कळलं तेही सांगतो. माझ्या विभागाच्या भिंतीवर रसायनं पुरवणाऱ्या एका दुकानदारानं दिलेलं घड्याळ अकरा वर्षं टिकटिकत होतं, आणि कोटेशनं त्याच भिंतीखाली उघडली जायची. उघडणाऱ्यांत मीही असायचो. घड्याळाची किंमत काय, तर दोन-तीनशे रुपये. पण त्या दुकानदाराचं नाव आम्ही दिवसातून वीस वेळा वाचत होतो.

आता तुमच्या तेल्याकडे येऊ. रोग जिवाणूचा, पावसाळी दमट हवेत फोफावणारा. म्हणून मृगाऐवजी हस्त बहर (पावसाळ्यातल्याऐवजी पावसानंतरच्या फुलोऱ्याचं पीक) धरा, बागेला विश्रांती द्या, रोप निरोगी आणा, छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करा, रोगट फळं-फांद्या बागेत न टाकता जाळा, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. यातलं काहीच बाटलीत मिळत नाही. खरं सांगा, कंपनीच्या मांडवात तुम्ही यावर किती मिनिटं बोलता? समोरचा शेतकरी कंपनीच्या भरवशावर आलेला नसतो, बोर्डावर 'प्राध्यापक' वाचून आलेला असतो. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातला शास्त्रज्ञ आणि तुम्ही, त्याच्या लेखी एकाच पंगतीतले. तो तुमच्या शब्दावर उधारीनं औषध उचलतो. बाग बसली तर कंपनी दुसऱ्या तालुक्यात जाते, तुम्ही मात्र सांगोल्यातच राहणार.

परवानगी होती, एवढ्यावर निभावत नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठात जनुकोपचाराच्या प्रयोगात जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा दगावला. प्रयोग करणाऱ्या संस्थेचे संचालक जेम्स विल्सन यांनी काढलेल्या कंपनीत त्यांचा हिस्सा होता आणि विद्यापीठाचाही. विद्यापीठाला हे ठाऊक होतं, व्यवस्था मंजूर करून घेतलेली होती. तरीही नंतर त्या प्रयोगातला प्रत्येक निर्णय लोकांनी पैशाच्या भिंगातून पाहिला. सरकारी पैशावरच्या आरोग्य संशोधनात कंपनीकडून किती रक्कम मिळाली की ती जाहीर करायची, ती मर्यादा तिथे २०११ मध्ये १०,००० डॉलरवरून ५,००० वर आणली.

तुमच्यापुरतं सांगतो. मेळाव्यात उभं राहिल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या : "या कंपनीकडून मला मानधन मिळतं." महाविद्यालयाला कंपनीचं नाव, मेळाव्यांची संख्या आणि रक्कम लिहून द्या. तुमच्या विभागात त्याच औषधाची चाचणी व्हायची असेल तर तिच्यातून बाजूला व्हा. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर 'परिणामकारक आढळले' असं दोन ओळींचं पत्र ते मागतीलच, तेव्हा हात जोडा. मग येते 'अभ्यास सहल', सहकुटुंब. तिलाही तेच. आणि पुढचा मेळावा घेण्याआधी प्राचार्यांशी, औषधाच्या दाव्यांबद्दल केगावच्या शास्त्रज्ञांशी बोला. मेळावा आठ दिवस पुढे गेला तर डाळिंबं काही पळून जात नाहीत.

सोलापूर : अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक कारखानदार टॉवेलच्या रंगाचा पक्केपणा आमच्या प्रयोगशाळेत तपासून मागतात. म्हणतात, 'पावती नको, रोख घ्या.'

यंत्र महाविद्यालयाचं, वीज महाविद्यालयाची आणि रोख तुमच्या खिशात? आज पावती नको म्हणणारा उद्या अहवालातला आकडा बदलून मागेल. काम महाविद्यालयाच्या नावानं घ्या, शुल्क तिथेच भरायला लावा. तुमचा वाटा किती, हे तुमच्या संस्थेच्या सल्लासेवेच्या नियमांत बघा. नियमच नसतील तर आधी ते करून घ्या. पक्केपणाची चाचणी तोवर थांबेल.

पंढरपूर : मार्गदर्शक सरांनी स्टार्टअप काढलंय. पीएच.डी.चे आम्ही दोघे दिवसभर तिथलंच काम करतो. बोलावं का?

बोला, पण एकट्यानं आणि रागात नको. २०१९ च्या राष्ट्रीय नवोन्मेष व स्टार्टअप धोरणात प्राध्यापकाला स्टार्टअपचा मालकही होता येतं. सरांचं स्टार्टअप असणं हा गुन्हा नाही. पण तेच धोरण म्हणतं की संस्थेतलं संशोधन आणि कंपनीचं काम स्पष्ट वेगळं ठेवा, संस्थेचा संशोधक कर्मचारी कंपनीच्या कामाला जुंपू नका. कोणत्या दिवशी काय केलं याची वही आजपासून ठेवा. आधी संशोधन सल्लागार समितीतल्या एखाद्या सदस्याशी बोला, मग ठरवा. प्रबंधाची किल्ली सरांकडे आहे हे मला कळतं, म्हणूनच वही म्हणतोय.

मोहोळ : पेपर सेटर म्हणून नेमणूक आली. सख्खी पुतणी त्याच परीक्षेला बसलीय.

नेमणूक नाकारा, कारण लेखी द्या, आजच. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात विद्यापीठाचा शिक्षक आणि परीक्षेच्या कामाला घेतलेला माणूस, दोघेही लोकसेवक धरलेत.

मंगळवेढा : भावाच्या दुकानातून महाविद्यालयाला दोन वर्षं संगणक येतात. मी खरेदी समितीवर आहे. भाव बाजारापेक्षा कमीच आहेत. आता सांगितलं तर अडकेन का?

दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतंत तर ती चार ओळींची गोष्ट होती. आता चार पानं होतील, आणखी थांबलात तर फाइल. भाव कमी होते की जास्त, हे ठरवणारे तुम्ही नव्हेच. आज रात्री बसून खरेदीच्या तारखा, रकमा आणि तुमच्या सह्या असलेल्या बैठका यांची यादी करा. ती एका वकिलाला दाखवा. मग पत्र लिहा : नातं, दुकान, तारखा, आणि यापुढे त्या समितीत बसणार नाही हे. पत्रावर मागची तारीख टाकायचा सल्ला एखादा हितचिंतक नक्की देईल. ते केलंत तर पुढचं मला विचारू नका. प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा घेत सांगून परत येऊ नका. कार्यालयात जाताना पत्राच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या.